केवळाच्या मांडवातली बॅट

जिंतूर,
वैशाख वद्य तृतीया, शके १८८०

तीर्थस्वरूप अंबूताईस, जिंतुराहून पारूचा वाकून नमस्कार.

काल घरात जवसाच्या तेलाचा वास सुटला आणि मला एकदम सिकंदराबादच्या आपल्या कॉन्व्हेंटमागचा धुण्याचा ओटा आठवला. तू नाहून केस वाळवत बसली होतीस, मी शेजारी, आणि दोघींच्या मांड्यांवर आडवी ती लाकडी बॅट. सिस्टर बर्नाडेट यांनी (त्या अमेरिकेच्या, म्हणून आपल्या नशिबी बेसबॉल) बजावलं होतं की बॅटीला तेल पाजून हाडाने घासावं, म्हणजे लाकूड आवळतं. हाडाला हात कोण लावणार, म्हणून आपण सोडावॉटरच्या बाटलीने घासत होतो. घासता घासता तू म्हणालीस, "पारू, भूक लागली गं." बस, एवढंच. त्यानंतरच्या कितीतरी मोठ्या गोष्टी विसरले, पण ती दुपार जशीच्या तशी आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा दमा उन्हाळ्यात तरी विसावा घेतो का? मेव्हणी विचारते आहे म्हणावं, आणि विडी सुटली का तेही विचारते आहे. मी बरी आहे. चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून पायऱ्या आहेत त्याहून जास्त दिसतात, इतकाच फरक. हे पत्र सहज लिहिते आहे, मागणं काही नाही, तेव्हा निवांत वाच.

इथल्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला जाते हे तुला ठाऊक आहे. शेजारच्या शाळेतले मुलगे मैदानावर हुतूतू खेळतात, लेझीम खेळतात, आणि मुली भिंतीला टेकून ते बघतात. मला ते पाहवेना. मनात आलं, आपल्याला येतं ते तरी शिकवावं. पण मराठवाड्यात बेसबॉलची बॅट आणायची कुठून? म्हणून पलंगाचे पाय आणि लाटणी कातून देणाऱ्या लिंबाजीकडे गेले. त्याने पहिली बॅट बाभळीची केली. ती मी उचलली, पण मग ती खाली ठेवायला दोन माणसं लागली. दुसरी सागाची. दिसायला देखणी, हलकी, आणि पहिल्याच फटक्याला उभी चिरली. तेव्हा सिस्टरांची शिकवण आठवली: रेषा सरळ मुठीपासून टोकापर्यंत गेलेल्या असाव्यात, आणि बॅट ठोकून ऐकावी, चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो. मग मी लिंबाजीच्या दुकानात एकेक ओंडका ठोकून त्याला कान लावत बसले. (बाजाराचा दिवस होता. बाईंना ऐकू येईनासं झालं, अशी बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली, आणि अजून कित्येक लोक माझ्याशी ओरडून बोलतात.) शेवटी धावड्याचा एक तुकडा पसंत पडला. त्याचे कुऱ्हाडीचे दांडे करतात, धक्का बसला की लाकूड लवतं पण मोडत नाही. लिंबाजीने तो कातला सुरेख, फक्त सवयीने त्याच्या मधोमध पलंगाच्या पायासारख्या तीन कड्या काढल्या आणि लाल-हिरवी लाख चढवली. ती काढ म्हटलं तर तो रुसला. म्हणाला, "बाई, बोडकं लाकूड देऊ का गिऱ्हाइकाला?" मी पैसे मोजले.

सिस्टरांच्या बॅटीवर कंपनीचा शिक्का असे आणि तो वर ठेवून मारायचं असे, म्हणजे चेंडू लाकडाच्या मजबूत बाजूला लागतो. आमच्या बॅटीला शिक्का कुठला? मी शाईने खूण केली, ती घामाने पुसली. मग कुंकवाचं बोट ओढलं आणि मुलींना सांगितलं, कुंकू आभाळाकडे. हे कुंकू पुढे मला भोवलं, ते सांगतेच.

आता केवळाची ओळख करून देते. धोंडीबाची ही थोरली लेक. त्यांच्या शेळ्यामेंढ्या आहेत, आणि चुकार मेंढी वळवायला दगड भिरकावून भिरकावून पोरीचा हात असा तयार झालेला की पहिल्याच दिवशी तिने चेंडू मारला तो शाळेची भिंत ओलांडून गेला. (चेंडूही त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीचा, वरून चांभाराने शिवलेलं कातडं.) मी शिकवलं फक्त एवढंच की दंडाने मारू नकोस, कमरेतून वळ. ते दाखवताना माझीच कमर तशी वळलेली राहिली आणि मला दोन मुलींनी धरून घरी आणलं. पण ताई, केवळा नुसती हाताची नाही. सातवी पहिल्या नंबराने पास झाली. इथे शाळा सातवीपर्यंतच, आठवीला तुमची परभणीच गाठावी लागते. आणि गंमत बघ, तिचं लग्न ठरलं ते परभणीचंच. सासरे किशनराव रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, आहेत. मला वाटलं, देवानेच सांधा बदलून गाडी योग्य रुळावर घातली. पण किशनरावांनी बैठकीत स्वच्छ सांगून टाकलं, "सातवी लय झाली. आता घर." केवळा त्या दिवशी माझ्याकडे आली आणि बॅटीला तेल लावत बसली. उठताना विचारलं, "बाई, घरी नेऊ का? उन्हात ठिवते." मी ने म्हटलं.

पुढचं ऐक. हळदीच्या दिवशी घाणा भरायचा. त्याला दोन मुसळं लागतात, आंब्याची पानं लावून एकत्र बांधतात आणि सवाष्णी त्यांनी हळकुंडं कांडतात. केवळाच्या आईकडे, बानूबाईकडे, मुसळ एकच. शेजारणीचं मागावं तर यंदा लग्नं इतकी की गावातलं प्रत्येक मुसळ कुठल्या ना कुठल्या मांडवात गुंतलेलं. तेवढ्यात तिला कोपऱ्यात माझी बॅट दिसली. कातीव, रंगीत, आणि वर कुंकू लावलेलं. बानूबाईला वाटलं, बाईंनी लेकीच्या लग्नाला पूजा करून मुसळच पाठवलं, आणि बोलून दाखवलं नाही, केवढं हे मन. मी आहेराला पोचले तेव्हा पाच सवाष्णी माझ्या बॅटीने हळद कांडत होत्या आणि गाण्यात माझं नाव गुंफलेलं होतं. केवळा पाटावर बसली होती, तोंड पदरात खुपसून. मला वाटलं रडते. ती हसत होती.

बॅट परत मागणार कशी? एकदा देवक बसलं की घाण्याची मुसळं देवक उठेपर्यंत सोडायची नाहीत. मीही सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या. लग्न लागलं, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी देवक उठवलं, दोरा सोडला, तेव्हा किशनराव मांडवात चहा घेत होते. त्यांनी बॅट हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हे कसलं मुसळ? याला मान हाय."

"बाईंनी दिलंय," बानूबाई म्हणाली. "इंग्रजी हाय ते."

मग मला सगळं सांगावं लागलं, सिस्टरांपासून. बानूबाई मटकन बसली. किशनराव मात्र रेल्वेचा माणूस, कुठलीही वस्तू चालते कशी हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. म्हणाले, पोरीला येतं तर दावू द्या. आणि केवळाने बॅटीबरोबर घरी नेलेला चेंडू घेऊन स्वतःच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. आता प्रसंग बघ ताई. सासऱ्याने चेंडू टाकायचा आणि सुनेने तो मारायचा, तोही काल लग्न झालेल्या सुनेने. केवळाने पदर डोळ्यांपर्यंत ओढला, तो दातांत धरला आणि बॅट उचलली. पहिला चेंडू तिने अदबीने जाऊ दिला. दुसराही. बायका तोंडाला पदर लावून उभ्या.

"अगं मार की," किशनराव म्हणाले. "का मी नुसता वाकायलोय तुझ्यापुढं?"

तिने हलकेच बॅट फिरवून बघितली, कुंकू आभाळाकडे केलं आणि कमरेतून वळली. चेंडू किशनरावांच्या पागोट्यावरून गेला, मांडवाच्या पानांतून आरपार झाला आणि बाहेर आचाऱ्याच्या वरणाच्या हंड्यात पडला. केवळा तर बॅट टाकून सासऱ्याच्या पाया पडायलाच निघाली. किशनरावांनी पागोटं चाचपलं, ते होतं. मग ते असे हसले की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी मला विचारलं, "शाळंत हे शिकवतेत का?" मी म्हटलं, हेही शिकवतात, आणि परभणीच्या शाळेला मैदान इथल्यापेक्षा मोठं आहे. त्यांनी केवळाकडे पाहिलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू."

संध्याकाळच्या मोटारीने वऱ्हाड गेलं. गडबडीत बॅट आणि चेंडू इथेच राहिले. मुलींना सुट्टी आहे, शाळा बंद, मैदान मोकळं. मी दोन वेळा तिथून उगीच चक्कर मारून आले. बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझी,
पारू

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते अर्धं पान संपायच्या आतच खोटं ठरत होतं. तुला कळलं असेलच. केवळाचं सासर तुझ्या घरापासून फार दूर नाही, स्टेशनामागे. आठवीत नावं घेणं जूनच्या आरंभाला सुरू होईल. "बघू" म्हणणारा माणूस एकदा तरी बघतोच, पण त्याला बघायला लावणारं कुणी शेजारी हवं. तू गुडघे दुखत असले तरी जा. शाळेचं एकदम काढू नकोस. आधी पाणी माग, मग पोरीच्या हातचा स्वयंपाक विचार, मग तुझ्या नातीचं नाव कुठल्या शाळेत आहे ते सहज सांग. वाद घालू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

ता. क. दुसरा. मोटारीच्या कंडक्टराबरोबर गाठोडं पाठवते आहे. त्यातला तुरीच्या डाळीचा पुडा तुझा. ओवा दाजींचा, विडीऐवजी चघळायला. लुगडं केवळाच्या सासूला, तुझ्या हाताने दे, पहिलं दे. चेंडू किशनरावांना (धुतला आहे, तरी थोडा पिवळा राहिला). बॅट केवळाला. बघून घे, दोन्ही वेगवेगळ्या हातांत पडू देत, म्हणजे एकट्याला काही करता येणार नाही. आठवीची पुस्तकं खाली आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती कुणालाच देऊ नकोस, घरी फडताळात ठेव, फक्त तुझ्याकडे आहेत एवढं त्यांच्या घरी कानावर घाल. ती न्यायला किशनराव स्वतः दाराशी आले, तर बसवून चहा दे आणि साखर सढळ हाताने घाल. मांडवात मी पाहिलं, त्यांना गोड चहा लागतो, पण मागायला लाजतात.