आमची उदोनवाली

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरी आली! आमची तुकता तालुक्याच्या गाण्याच्या स्पर्धेत दुसरी! पहिला आला तो सुकटवाला. परीक्षकांत त्याचा मेहुणा होता म्हणे. असो. बक्षीस काय, तर वॉशिंग मशीन. सरपंचांच्या टेम्पोत उभं बांधून आणलं आणि त्याला धरून आम्ही सगळ्याजणी गावापर्यंत तेच गाणं म्हणत आलो. माझा घसा बसलाय.

गाणं जुनंच, बंदरावर नवऱ्याची वाट बघणारीचं. हादोंगवाली ढसाढसा रडली. तिचा नवरा शेजारीच बसून शेंगदाणे खात होता!

१५ ऑक्टोबर

सरपंच माएंग यांनी फलक लावला. कुणाचा मुलगा साहेब झाला, कुणाची नात डॉक्टर झाली की गावाच्या वळणावर फलक लागतोच. पण आमच्या गावात आठ वर्षांत फलक लागावा असं कुणी काही केलंच नव्हतं. सरपंचांचे हात शिवशिवत असणार. हा एवढा मोठा! गुलाबी अक्षरं — ‘हार्दिक अभिनंदन! गायन स्पर्धेत द्वितीय — आमची उदोनवाली तुकता! समस्त ग्रामस्थ.’ वर तिचा फोटो, मशीनला मिठी मारलेला.

‘उदोनवाली’ वाचून छातीच फुगली. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून छांगन्योंगवाली. शेजारीण हादोंगवाली. सुनेला माहेराच्या गावावरून हाक मारायची ही रीत. तुकता कुणाची सून नाही, थायलंडच्या उदोनहून माझ्याकडे केन्निपची पानं तोडायला आलेली. तरी तिसऱ्या वर्षी विरंगुळा केंद्रातल्या बायकांनी जेवता जेवता ठरवून टाकलं, ही उदोनवाली. तिला कळलं तेव्हा ती तोंडात घास तसाच धरून बसली होती.

फलकाखाली आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. मीही.

३० ऑक्टोबर

पानं छान. पाठ वाईट.

५ नोव्हेंबर, बुधवार

नेली तिला.

६ नोव्हेंबर

काल लिहवलंच नाही. आज लिहिते.

सकाळी पांढरी गाडी आली. जाकीट घातलेले चौघे विरंगुळ्यात शिरले आणि विचारलं, “फलकावरच्या गायिका कुठे भेटतील?” हादोंगवालीला वाटलं टीव्हीवाले! घरात पळाली, लाली लावून आली, आणि त्यांना स्वतः माझ्या पॉलिहाऊसपर्यंत घेऊन आली. वाटेत स्वतःचंही गाणं ऐकवलं म्हणे. ती माणसं इमिग्रेशनची.

तिच्या कागदांची मुदत कधीच संपलीय हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. आणि आम्ही तिचा फोटो रस्त्यावर टांगला! तीन आठवडे! एकाच्याही डोक्यात आलं नाही. सत्तरी गाठली, पण अक्कल नाही आली.

मी त्या पोरगेल्या साहेबाला म्हटलं, “भाजलेलं डुकराचं मांस कशात गुंडाळून खातोस रे?” म्हणाला, “केन्निपच्या पानात, आजी.” म्हटलं, “मग हिला नेल्यावर ती पानं तोडायला तू येणार का?” खाली बघत म्हणाला, “आजी, कायदा आहे.” पोरगं वाईट नव्हतं. तिला कपडे भरू दिले. मी पिशवीत कोंबता येईल ते कोंबलं — सुकी मासळी, लाल मिरचीपूड, माझी लोकरीची बंडी. उदोनला बंडी कशाला लागतेय! पण दिली.

तुकता रडली नाही. गाडीत बसता बसता म्हणाली, “आई, तीन नंबरच्या पॉलिहाऊसचा दिवा लागत नाहीये. बदला, नाहीतर झाडं फुलावर येतील.” एकदा फूल धरलं की पानं संपली. बरोबर होतं तिचं. पण ही काय वेळ!

१० नोव्हेंबर

दिवा बदलला.

फलक उतरला. सरपंचांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकटेच शिडीवर चढले.

१३ नोव्हेंबर

कोंडून ठेवलंय तिथे भेटून आले. मध्ये काच. ती म्हणाली, जेवण अळणी आहे. मी म्हटलं, परत कधी? पाच वर्षं येता येणार नाही असा शिक्का बसतो. पाच वर्षांनी मी पंच्याहत्तर! ती हसली. “तेव्हा मी तुमची पाठ चोळायला येईन, पानं तोडायला नाही.”

मग हळूच म्हणाली, “आई, मी सूदाला बघणार.” सूदा तिची लेक. दहा वर्षांची असताना आजीकडे ठेवून ही इकडे आली. आता एकोणिसाची आहे. नऊ वर्षं मोबाइलच्या पडद्यावर वाढवली तिनं पोर. आणि मी आपली माझ्या पानांसाठी रडत होते.

१९ नोव्हेंबर

गेली. विमानात बसल्याचा फोटो आलाय. अंगात माझी बंडी!

२४ नोव्हेंबर

तुकताला नेल्यावर खोऱ्यातली बाकीची कामकरी मंडळीही रातोरात पसार झाली. स्ट्रॉबेरीवाल्याकडची व्हिएतनामी पोरं, मशरूमवाल्याकडचं जोडपं. कुणाची चूल तशीच, कुणाचे बूट तसेच. मुकादमाला फोन केला, तर मजुरीचा असा आकडा सांगितला की मी म्हटलं, बाबा, त्यापेक्षा मीच तुझ्याकडे कामाला येते.

तळलेली कोंबडी विकणारा कू म्हणत होता, “बरं झालं! बेकायदा ते बेकायदा. आता आपल्या पोरांना कामं मिळतील.” कुठली पोरं? या गावात सगळ्यांत तरुण सरपंच. ते एकसष्ट!

३ डिसेंबर

विरंगुळ्याची फौज आली! हादोंगवालीनं सगळ्यांना हाकलत आणलं. प्रायश्चित्त घेतेय बिचारी. सहा म्हाताऱ्या, बारा गुडघे, त्यातले तीन स्टीलचे. दहा पानांची जुडी बांधायची, देठ सारखे धरून. पण तोंड चालू असलं की हात मोजायचं विसरतात. कोसोंगवालीची जुडी कधी आठाची, कधी तेराची! बाजारातून अर्ध्या पेट्या परत आल्या. व्यापारी म्हणाला, “आजी, हे काय बांधलंय?” मी म्हटलं, “गप्पा.”

परत आलेल्या पानांचं लोणचं घातलं. वर्षभर पुरेल. दोन वर्षं पुरेल.

१४ डिसेंबर, रविवार

तुकताचा व्हिडिओ कॉल. दर रविवारी करते. मागे सूदा भात पाखडत होती. काय उंच झालीय! म्हणे, रात्री आईच्या अंगावर पाय टाकून झोपते. “एवढी घोडी झालीय आणि पाय टाकते!” तक्रार करत होती, पण चेहरा लख्ख. घराचं छप्पर अर्धंच झालंय, ते दाखवलं. “आता राहील तसंच. चांदण्या दिसतात.”

विरंगुळ्यात मोबाइल टीव्हीला जोडला. सगळ्यांनी तिला बघितलं. सरपंच मात्र दाराआड. मी ओढून आणलं, तर टीव्हीसमोर गुडघे टेकून माफी मागायला लागले. तुकता म्हणाली, “सरपंचकाका, माझं एवढं मोठं नाव कुणी कधीच लिहिलं नव्हतं. तो फलक टाकलात का? मला हवाय.” झालं! सरपंच जे रडायला लागले ते आवरेनात. उद्या टपालानं पाठवणार आहेत. दहा हात लांब फलक!

११ जानेवारी

दोन नंबरचं पॉलिहाऊस सोडून दिलं. पानं पंख्याएवढी झाली, कोण तोडणार? दिवे बंद केले.

शनिवारी संध्याकाळची बस बंद. गावाबाहेरच्या कामकऱ्यांनीच ती भरत असे. आता आम्हाला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं तर सकाळच्या बसनं जायचं आणि दुपारच्या बसपर्यंत भिंती बघायच्या. आणि कूची कोंबडी? शनिवारी त्याच्या दुकानात बसायला जागा नसे. आज एकटाच टेबल पुसत होता. मला म्हणाला, “छांगन्योंगवाली, ती व्हिएतनामी पोरं कुठे गेली काही कळलं का?” मी म्हटलं, “बेकायदा होती ना ती?” बिचाऱ्यानं मला एक तंगडी फुकट दिली.

२० फेब्रुवारी

आमच्या चांद्र नव्या वर्षाची सुट्टी संपली. तालुक्याच्या शेती कचेरीत गेले. सरकार आता हंगामापुरते परदेशी मजूर रीतसर आणतं. कागदांसकट. तिथल्या बाईंना म्हटलं, “मला तुकता द्या.” त्या म्हणाल्या, “शिक्का बसलेल्या माणसाला येता येत नाही, आजी.” म्हटलं, “मग उदोनची द्या कुणी. तिकडच्या लोकांना पानं कळतात.” त्या हसल्या. “असं गाव सांगून मागता येत नाही.” पण यंदा तिकडच्या एका तालुक्याशी करार होतोय, एवढं बोलून गेल्या.

मग काय! आठवड्यातून दोनदा जाते. लोणच्याची बरणी घेऊन. त्या खिडकीतून मला बघितलं की टेबलाखाली वाकतात.

१५ मार्च, रविवार

करार झाला! तुकताला लगेच सांगितलं. “तुझ्या ओळखीची कुणी चांगली पोर असेल तर नाव द्यायला सांग. हात चपळ हवेत. जेवणाला नावं न ठेवणारी. तुझ्याच खोलीत ठेवीन, गादी नवी करीन.”

तिनं मागे वळून बघितलं. मग म्हणाली, “बघते, आई.”

२९ मार्च

कॉल नाही. नेटवर्क नसेल.

१९ एप्रिल

छोटासा कॉल. तिकडे त्यांचं नवं वर्ष झालं, पाणी उडवायचं. दोघी मायलेकी चिंब भिजलेल्या, एका छत्रीखाली. भिजायला निघालेल्यांना छत्री कशाला! सूदानं मला आमच्या भाषेत नमस्कार केला. केवढा स्पष्ट! म्हटलं, कुठे शिकलीस? आईनं शिकवलं म्हणाली. “रोज संध्याकाळी बसवते.”

किती गोड पोर.

२ मे

कचेरीचा फोन! बारा तारखेला माणसं येणार. माझ्या वाट्याला एक. उदोनचीच! नाचले. खरंच नाचले, हादोंगवाली साक्षीला आहे. दोन नंबरचे दिवे पुन्हा लावले. नवी गादी आणली. सरपंच विचारत होते, फलक लावू का? चौघींनी मिळून त्यांना शिव्या दिल्या. मग आठवलं, या खेपेला कागद आहेत. लावा!

१२ मे

बसमधून उतरली ती सूदा.

वाकून नमस्कार केला. पाठ करून आलेलं वाक्य म्हणाली, “आई म्हणाली, माझे हात चपळ आहेत.” अंगात माझी लोकरीची बंडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवायला वाढलं. विचारलं, आईजवळ किती राहायला मिळालं गं? बोटांवर मोजून म्हणाली, “भाताच्या कापणीपासून आमच्या नव्या वर्षापर्यंत.”

आता खोलीत निजलीय. भिंतीकडे तोंड करून, उशीवर पाय टाकून.

उदोनची पोर द्या म्हणून मीच मागितली होती.