एका हॉलच्या दोन दिशा

१ मार्च २०१०, सोमवार

वॉशरूम्समधून सुटका! दोन वर्षं या आर्किटेक्टच्या ऑफिसात मी फक्त काँडोंच्या, म्हणजे फ्लॅट्सच्या, वॉशरूम्सची ड्रॉइंग्ज काढली. आज ट्रेव्हरने फाइल टेबलावर टाकली. ‘यामिनी, यू डिड हिस्टरी इन पुणे, राइट? धिस वन्स युवर्स.’ आमचा बॉस एका दमात एवढं बोलला म्हणजे खूपच!

टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलमधलं छोटं चर्च. इमारत मोठी, रविवारी येणार जेमतेम चाळीस माणसं. जवळच्या मुस्लिम मंडळींचं उलटं – माणसं भरपूर, जागा नाही, शुक्रवारची नमाज शाळेच्या जिममध्ये. तेव्हा दोघांनी मिळून हॉल वापरायचा. कसा, ते मी काढायचं.

दोन्ही कमिट्या खूश झाल्या तर आर्किटेक्टच्या लायसन्ससाठी लागणारे माझे अनुभवाचे तास ट्रेव्हर साइन करणार. उन्मेषला फोनवर सांगितलं. नवऱ्याचा पहिला प्रश्न – ‘म्हणजे आज स्वयंपाक नाही ना?’ नाही! थाई मागवलं.

५ मार्च, शुक्रवार

साइट व्हिजिट. बूट चिखलाने भरले. हॉल लांबच लांब, टोकाला पूर्वेची भिंत, तिथे वेदी. बाकं हलवून बघितली, हलेनात. मी स्वतःशीच – ‘बाई गं, ही तर जमिनीला ठोकलीत!’

मागून आवाज – ‘मीच ठोकलीत. ब्याऐंशी साली.’

दचकलेच! रुडॉल्फ साळवे. मूळ नगरचे, सुतार, आता रिटायर्ड. चर्चची इमारत तेच सांभाळतात. ‘पुण्याची का गं तू?’ म्हणाले. ‘नुसत्या “बाई गं”वरून कळलं.’ पाच मिनिटांत काका झाले.

पण बाकं काढायची म्हटल्यावर चेहरा बंद. ‘ते नाही व्हायचं.’

१३ मार्च, शनिवार

लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलंय – मध्ययुगातल्या सीरियातली चर्चेस आणि मशिदी. कॉलेजात हे दोन वेगळे धडे होते, दोन वेगळ्या परीक्षा. इथे सगळं एकाच गल्लीत!

गंमत म्हणजे गवंड्यांना धर्माचं फारसं पडलेलं दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या दगडांचे तेच पट्टे, त्याच टोकदार कमानी – कधी इकडे, कधी तिकडे. फरक आहे तो माणसं कशी उभी राहतात यात. चर्चमध्ये खांबांच्या रांगा तुम्हाला लांबवर, पूर्वेकडे घेऊन जातात. मशिदीत खांद्याला खांदा लावून आडव्या रांगा, जितक्या रुंद तितक्या बऱ्या. आणि तिथून मक्का दक्षिणेला. मग चर्चची मशीद झाली तेव्हा लोकांनी काय केलं? दक्षिणेच्या भिंतीत कोनाडा केला आणि आडवे उभे राहिले. खांब तेच, छप्पर तेच. माणसं वळली!

म्हणजे भिंती पाडायच्याच नाहीत. फक्त जमीन मोकळी हवी.

म्हणजे पुन्हा बाकं.

२० मार्च, शनिवार

पुस्तक घेऊन काकांकडे गेले. नकाशे दाखवले. सुताराचा डोळा! बोट ठेवून विचारलं, ‘या छपराखाली बाराशे वर्षं लोक बदलत आलेत?’ ‘हो.’ ‘आणि पाडलं नाही?’ ‘नाही.’

शेवटपर्यंत पानं उलटली. मग – ‘स्क्रू गंजलेत. कंत्राटदाराच्या पोरांना जमायचं नाही. मी काढतो.’

रस्त्यात मोठ्याने गाणं म्हटलं मी! बसस्टॉपवरची बाई बघत राहिली.

९ एप्रिल, शुक्रवार

मेले.

गालिचे मक्केच्या दिशेने अंथरायचे. टोरोंटोहून ती ईशान्येकडे, उत्तरेपासून पंचावन्न अंश. मी ते शीटवरच्या उत्तरेपासून मोजले. आणि शीटवरची उत्तर खरी नसतेच! आपण रस्त्याला समांतर काढतो, सोयीसाठी. इथले रस्ते खऱ्या उत्तरेपासून सतरा अंश पश्चिमेला कललेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची चूक! गालिच्याचं माप दुकानात गेलंय. उद्या दोन्ही कमिट्यांसमोर प्रेझेंटेशन.

उन्मेष म्हणतो, कोणाला कळणारे? कळो न कळो. शेकडो माणसं माझ्या रेघेवर उभी राहणार.

१० एप्रिल, शनिवार

सांगून टाकलं. पहिलंच वाक्य – ‘आय मेड अ मिस्टेक.’ ट्रेव्हर छताकडे बघायला लागला.

मशीद कमिटीचे नबील – सीरियाचेच, दमास्कसचे, तिथे गणित शिकवायचे – उठले. कागद हातात घेतला. म्हणाले, ‘ओन्ली सेव्हन्टीन? द ग्रेट मॉस्क ऑफ कॉर्डोबा इज ऑफ बाय फिफ्टी!’ आणि एवढे हसले की काकाही हसायला लागले. गालिचा अजून कापलेला नव्हता, दुकानाला त्यांनी तिथूनच फोन लावला.

मग मी नवी रेघ काढली. आणि सगळे कागदावर वाकले.

पंचावन्न अधिक सतरा, शीटवर बहात्तर. पूर्वेची भिंत नव्वदवर. अठराच अंशांचा फरक! सीरियात दोघांमध्ये चांगला काटकोन. इथे, इतक्या लांब आल्यावर, दोघं जवळजवळ एकाच भिंतीकडे तोंड करून!

नबील काकांना म्हणाले, ‘सो, नेबर. वी लुक द सेम वे.’ काकांनी चहाची किटली पुढे केली.

२४ एप्रिल, शनिवार

बाकं निघाली. स्क्रू काका काढत होते, डबा नबील धरत होते. गुडघे दोघांचेही कुरकुरतात, त्यावर तासभर चर्चा!

७ मे, शुक्रवार

पहिली नमाज. रांगा तिरक्या, पण सरळ – माझ्या रेघेवर! मी मागे बूट काढून उभी होते. ट्रेव्हरने तास साइन केले. पेन ठेवला. मीच रडले.

६ जून, रविवार

दुपारी रुडॉल्फकाकांचा फोन. आज प्रार्थनेनंतर चर्चने मतं घेतली. चाळीस जणांना इमारत पेलत नाही. ती नबीलच्या मंडळींना द्यायची, सगळी. काकांनीही हात वर केला. रविवारची सकाळ मात्र चर्चचीच राहणार, असं नबीलने लिहून दिलंय.

मग काका म्हणाले, ‘आता आम्ही पाहुणे, पोरी. नकाशात आमच्या सामानाला एक कपाट काढशील?’