बाळाला दिलेल्या दोन बाटल्या

कांदिवली, ६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम, वि.वि.

...आणि नाही, डोळ्यात घालायचे ते थेंब दुसऱ्या कुणाच्या रक्ताचे नाहीत, तुझ्याच! फोनवर तू नुसतं हो हो करून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. मामी वाचून दाखवेल, तेव्हा पळता येणार नाही.

तुझं रक्त आमच्या लॅबमध्ये मशीनवर गरगर फिरवलं. लाल भाग खाली बसला, वरचं पिवळसर पाणी घेतलं. त्यात प्लेटलेट्स ठासून भरल्यात. कापल्यावर रक्त थांबवतात ना, त्याच. जखम भरायचं सामान त्यांच्याकडे असतं. कामावर कॉस्टिक सोडा उडून महिना झाला तरी तुझ्या उजव्या डोळ्यावरची जखम मिटत नाहीये, तर हे सामान थेट तिथेच पोचवायचं. काय झकास आयडिया आहे यार! (सॉरी, मामाला यार म्हणाले.)

पाच बाटल्या दिल्यात, एक तीन दिवस पुरते. दिवसातून सहा वेळा. चालू बाटली फ्रिजमध्ये, बाकीच्या फ्रीझरमध्ये. वीस तारखेला तपासणी. तोवर जखम मिटली नाही तर ऑपरेशन, आणि मग नजर किती परत येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. सुई बघून तू डोळे घट्ट मिटलेस हे मी लॅबमध्ये कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त चौघांना.

लोभ आहेच, तो वेळेवर थेंब घालून टिकव.
तुझी दीप्ती

मुलुंड, ९ जानेवारी

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद.

मी बोलतोय, मामी लिहितेय. (माझेही आशीर्वाद. सुंदरा मामी.) थेंब अजिबात झोंबत नाहीत. उजव्या डोळ्याने खिडकीचे गज मोजता येतात. (काल दहा मोजले. सात आहेत.)

काल बाळा आला होता, मरोळच्या वर्कशॉपमधला, कॉस्टिकच्या टाकीवरचा माझा जोडीदार. महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं. बघतो तर दोन्ही डोळे लालभडक! काय झालं विचारलं तर मान खाली. मला वाटलं, याच्याही डोळ्यात उडालंय आणि हा लपवतोय. तीस वर्षं एका डब्यात जेवतोय आम्ही. फ्रीझरमधून दोन बाटल्या काढून त्याच्या खिशात कोंबल्या. खोकल्याचं औषध नाही का आपण सगळे एकाच बाटलीतून घेत? (मी बाजारात होते. नाहीतर फ्रिजला कुलूप लावलं असतं.)

माया असू दे, शाबासकीही पाठव.
तुझा अंबादास मामा

कांदिवली, ११ जानेवारी

मामा,
जय भीम, पण सप्रेम वगैरे आज नाही.

वाट लागली ना माझी पत्र वाचून! बाटलीवर तुझं नाव काय शोभेला चिकटवलंय? दुसऱ्याचं रक्त डोळ्यात घातलं तर इन्फेक्शन होऊ शकतं.

लगेच बाळाकाकांना फोन केला. त्यांनी एकही थेंब घातलेला नाही. बाटल्या फ्रिजमध्ये, सुकटीच्या डब्याशेजारी. त्यांचे डोळेही ठीक आहेत. मग लाल कशाने, असं विचारलं तर फोनवरच रडायला लागले. तुझ्या डोळ्यात उडालं त्या दिवशी कॉस्टिकच्या कॅनचं झाकण त्यांनीच सैल ठेवलं होतं म्हणे. तेच सांगायला तुझ्याकडे आले, रडून रडून डोळे सुजवून. आणि तू वर औषध दिलंस, मग तोंडच उघडेना.

खिशात वितळलेल्या बाटल्या आता चालणार नाहीत. तुझे थेंब चौदाला संपतात, म्हणजे चौदाला पुन्हा सुई. ये, मी हात धरीन.

राग जाईल, माया राहील.
दीप्ती

मुलुंड, २१ जानेवारी

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हाताने लिहितोय. ओळी उताराला लागल्यात, पण माझ्या आहेत. काल डॉक्टर म्हणाले, जखम मिटली, ऑपरेशन नको. तक्त्यावरच्या चार ओळी वाचल्या. खालच्या अजून धुकट आहेत. थेंब चालू ठेवायचेत.

चौदाला बाळा मला धीर द्यायला आला आणि माझं रक्त बघून तोच आडवा झाला, हे तू किती जणांना सांगितलंस? मी अख्ख्या चाळीला.

झाकणाचं मी मनातून केव्हाच सोडलंय. पण वर्कशॉपचे शेठ रविवारी मला बघायला येणार आहेत, तेव्हा बाळा त्यांच्यासमोर सगळं कबूल करायचं म्हणतोय. नोकरी जाईल त्याची. मी त्याला गप्प राहायला सांगितलं, तर सुंदरा भडकली. म्हणाली, उद्या त्या टाकीपाशी दुसरं कोणी उभं राहील, आणि सगळ्यांची भाची लॅबमध्ये नसते.

लोभ वाढव, ओरडा कमी कर.
तुझा अंबादास मामा

ता.क. सुंदरा पाकीट आणायला गेलीय, तेवढ्यात लिहितो. कॉस्टिक उडालं तेव्हा माझा कामाचा गॉगल डोळ्यांवर नव्हता, कपाळावर होता. हे बाळाला माहीत आहे, तो बोलणार नाही. त्याने झाकणाचं सांगितलं तर मला गॉगलचं सांगावंच लागेल, शेठला आणि सुंदरालाही. रविवारी दोघांनी मिळून बोलून टाकावं का गं? तुला काय वाटतं?