वर सगळं ठीक, आत पलंग नाही

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (खुर्चीतूनच, पाठ धरली आहे). मी इकडे मजेत आहे. बाबांचा गुडघा, भाचीचे दात आणि तुझा राग यांची खुशाली कळव.

मध्यंतरी माझी नोकरी गोत्यात आली होती. आमचं दुकान पलंग-कपाटं घरपोच पाठवतं, हे तुला ठाऊक आहेच. गिऱ्हाईकाने बटण दाबलं की त्याचा फोन आमच्या सर्व्हरला, म्हणजे मी सांभाळतो त्या दुकानाच्या संगणकाला, विचारतो आणि सर्व्हर उत्तर देतो. उत्तराच्या माथ्यावर आकडा असतो: दोनशे म्हणजे काम झालं, चारशे म्हणजे विचारणाऱ्याचं चुकलं, पाचशे म्हणजे आमचंच बिघडलं. सविस्तर मजकूर खाली. फोन बिचारा माथा बघूनच हिरवी खूण दाखवतो. (माझी पत्रंही तू अशीच वाचतेस.) आमच्या साहेबांना लाल रंगाचं वावडं. त्यांचं फर्मान होतं, काहीही होवो, माथ्यावर दोनशेच लिहा, रडगाणं आत गा. त्यामुळे एका नव्या जोडप्याला "पलंग निघाला" अशी हिरवी खूण गेली आणि "पत्ता अपुरा" हे आतच राहिलं. दोघं सतरंजीवर झोपून पलंगाची वाट बघत राहिली. मग नवरीची आत्या दुकानात आली, आणि आत्या काय चीज असते हे तुला सांगायला नको.

मी खरे आकडे लावले. सकाळी ऑफिसातला चुका दाखवणारा मोठा स्क्रीन लालेलाल. साहेब म्हणाले, "काल सगळं नीट चालू होतं. तू हात लावलास आणि बिघडलं."

"साहेब, कालही बिघडलेलंच होतं. फक्त सांगत नव्हतं."

मला घरचा रस्ता दिसू लागला. (खरं सांगू? बरंच वाटलं.) पण चुका दिसल्या तशा त्या दुरुस्त झाल्या, पलंग पोचू लागले आणि आत्याबाईंनी शाबासकी कळवली. ती साहेबांनी घेतली.

त्या संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं आणि घरच्या सवयीने "आलो गं" म्हणालो. आत कोण असणार? मग घरी फोन लावला. बाबा म्हणाले, ठीक. तू म्हणालीस, ठीक. मागून भाचीसुद्धा, ठीक. आपलं घरही साहेबांच्याच हाताखाली आहे की काय, असं वाटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. पलंग हवा असल्यास सांग. पत्ता मात्र पुरा लिही.

ता. क. दुसरा. वर "मजेत आहे" लिहिलंय, ते नुसतं दोनशे समज. मला इथे करमत नाही, ताई. रजा मंजूर आहे, बॅग भरून दाराशी ठेवली आहे. बाबांना चालवत नसेल तर तसं स्पष्ट लिही. आणि सगळं खरोखरच ठीक असलं, तरीही "ये" म्हण.