बाबांच्या माफीपत्राचा मेल सर्व्हर

६ फेब्रु. २०११, रवि.
चालला. जुना कॉम्प्युटर हॉलच्या कपाटात, शेजारी यूपीएस, आणि आमच्या आडनावाचा स्वतःचा मेल सर्व्हर. बाबा पासवर्ड विसरले नि त्यांचं फुकटचं खातं बंद पडलं, तेव्हाच ठरवलं होतं. माझा भाऊ नितीन म्हणतो, "नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत हे कशाला?" बाबा मात्र खूश. जन्म पोस्टात गेला. "मंजू, आता घरचंच पोस्ट."

८ फेब्रु., मंगळ.
बाबा आणि युसूफकाकांचं वाजलंय. काका उरणचे, बाबांचे पोस्टातले जुने सोबती, आता मस्कतला मुलाकडे. दोघं ईमेलवर बुद्धिबळ खेळतात, एकेक चाल. गेल्या आठवड्यात बाबा फोनवर म्हणाले, "घोडा चोरून हलवलात." काकांनी फोन ठेवला. आज पट नीट पाहिला, तर काकांचा घोडा बाबांनीच भलत्या घरात मांडलेला. दु. तासभर बसून माफीचं पत्र लिहिलं. पाठवलं.

१० फेब्रु., गुरु.
उत्तर नाही. बाबांचं जेवणात लक्ष नाही. म्हटलं, फोन करा.
"बोलून दुखावलं. आता लिहूनच."

११ फेब्रु., शुक्र.
ऑफिसातून आल्यावर सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. पत्र गेलेलंच नाही. तीन दिवस आमच्याच कपाटात पडून. घरगुती ब्रॉडबँडवरून सर्व्हरची मेल बाहेर सोडत नाहीत. रविवारी चाचणीची मेल मी पाठवली ती बाबांनाच, घरातल्या घरात. शहाणी मी.
बाबांना सांगितलं. "म्हणजे युसूफ रागावलेला नाही?" हसले. मग म्हणाले, "पण त्याला वाटत असेल, मीच अजून..."

१४ फेब्रु., सोम.
अर्धी रजा. ब्रॉडबँडच्या ऑफिसात, बाबाही बरोबर. काउंटरवरचा म्हणाला, "घरी मेल सर्व्हर? कशासाठी?"
बाबा म्हणाले, "माफी मागायचीय."
त्याने खण उघडला. मग फॉर्म दिला.

१७ फेब्रु., गुरु.
कनेक्शनला कायमचा नंबर मिळाला, वाट मोकळी झाली. पत्र सोडलं. मिनिटभरात परत. बाबांनी प्रिंट मागितला. परत आलेल्या पत्रावर कारण असतंच म्हणे. होतं: ज्या नंबरवरून मेल आली त्याच्या नावाची नोंद नाही.
"दारावर पाटी नाही," बाबा म्हणाले. अगदी तेच. पाटी कंपनीने लावायची. फोन केला, तोच काउंटरवाला.
"माफीवाले ना? करतो उद्या."

१९ फेब्रु., शनि.
पाटी लागली. पत्र गेलं, पलीकडच्या सर्व्हरने घेतलं. लॉगमधली ती ओळ बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली.

२२ फेब्रु., मंगळ.
तरी उत्तर नाही. माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून बघितलं, थेट स्पॅममध्ये. नवा सर्व्हर, कोणी ओळखत नाही. मी सगळ्या सेटिंग पुन्हा तपासायला बसले, तर नितीन म्हणाला, "काकांच्या मुलाला सांग ना." खरंच की. फोन न करण्याचा हट्ट बाबांचा, माझा नाही. लावला. "अब्बांचं स्पॅम बघतो, ताई."

२३ फेब्रु., बुध.
सकाळी उत्तर. बाबांनी मोठ्याने वाचलं: "वसंतराव, तुमचा माफीनामा स्पॅमच्या कोठडीत होता. सोडवला. कबूल. तुमचा घोडा मात्र मी खाल्लाय, तो मिळणार नाही. मंजूला सांगा, तुमच्या पोस्टात मलाही एक खातं हवं."
बाबांनी पट पुढे ओढला. मग चाल शोधायला बसले.

२६ फेब्रु., शनि.
काकांचं खातं उघडायला बसले. बाबांनी थांबवलं.
"म्हणजे माझं पत्र त्याला जाणार ते इथल्या इथेच? ह्याच डब्यात?"
हो. ना पाटीची कटकट, ना स्पॅमची.
"मग ते मस्कतला गेलं कधी?"
काका उघडून वाचतील तेव्हा, मी म्हटलं. पटलं नाही. "पत्राने प्रवास नको करायला?" विचार करून सांगतो म्हणाले.
दु. काकांची मेल, मला: खात्याचं काय झालं?