पाचव्या दिवशी दुखत नाही

आई, काल प्रयोगशाळेत एक बाई आली आणि मला तुझी इतकी आठवण झाली की मी उठून जिन्यात जाऊन बसले. माझी नोकरी तुला ठाऊकच नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात बेडकांची चित्रं काढत होते. आता खराडीला एका काचेच्या इमारतीत काम करते, आणि मी काय तपासते हे ऐकून तू मला आधी आंघोळीला पाठवलं असतंस. मी पाळीचं रक्त तपासते. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर काही बायकांच्या पोटात भलत्याच जागी वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर, आणि दर महिन्याला तेही सुजतं, रक्ताळतं. एंडोमेट्रिऑसिस म्हणतात त्याला. पक्की खात्री करायची तर अजूनही बहुतेकदा पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघावं लागतं. ते टळावं म्हणून आम्ही त्या रक्तात एखादी खूण शोधतोय, एखादं प्रथिन, पेशींचा एखादा वेगळेपणा. ती दिसली की बाईला सांगता यावं, तुमचं दुखणं खरं आहे. डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी खूण अजून सापडलेली नाही.

नमुना पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच द्यायचा, हे आम्ही प्रत्येकीला समजावून सांगतो. कालची बाई शहराच्या हद्दीत नव्याने घेतलेल्या जवळच्याच एका गावातली. ओल्या केसांचा अंबाडा, कोरी करकरीत साडी, चेहरा प्रसन्न. "न्हाऊन आले म्याडम," म्हणाली, "आज पाचवा दिवस हाय." मी कपाळावर हात मारला. "अहो ताई, दुखत होतं तेव्हा यायचं होतं! आम्हाला तेच हवं होतं." "तसल्या अंगानं कशी येऊ? खाली दारातच गणपती हाय तुमच्या." तिने ते इतकं सहज सांगितलं की मला तिच्यावर रागावता येईना.

तूही डॉक्टरांकडे अशीच न्हाऊन जायचीस. कात्रजचं आपलं दोन खोल्यांचं घर. तू स्वयंपाकघराच्या दाराबाहेर चटईवर बसली आहेस, उशी पोटाशी घट्ट धरून, आणि मी ओट्यापाशी. मीठ किती, हिंग कधी, सगळं तू तिथूनच सांगतेस. त्या दिवसांतच तर मी स्वयंपाक शिकले. मध्येच तुझा आवाज थांबतो. वळून बघते तर पदराचा बोळा तुझ्या दातांत. "आमटी बघ, उतू जाईल," एवढंच म्हणतेस. बाबा बाहेर पेपर वाचत असतात. माणूस वाईट नव्हता, पण बायकांचं हे असंच असतं, अशी त्यांची समजूत होती, आणि ती तूच करून दिली होतीस.

मग पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून तू मला घेऊन डॉक्टरांकडे निघायचीस. त्यांच्या टेबलामागे दत्ताची भलीमोठी तसबीर होती, पूजा केल्याशिवाय ते पेशंट बघत नसत. त्या दिवसांत तिथे पाऊल टाकायचं नाही, हे तुझं तूच ठरवलेलं. डॉक्टर पोट दाबून विचारत, "आता दुखतंय का?" "आता नाही. तेव्हा फार दुखत होतं हो." "मग तेव्हा का नाही आलात?" तू पदर सारखा करत उठायचीस. एकदा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, बरं झालेलं दुखणं मला दाखवत जाऊ नका." बाकावरचे पेशंट हसले. तूही हसलीस. तुझं ते हसू मला आजही सहन होत नाही. असलं बोलणारा डॉक्टर आपल्या पुण्यात हुशार समजला जातो. लोहाच्या गोळ्या घेऊन आपण परत यायचो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चटई.

तू गेलीस ती भलत्याच तापाने, आठवड्याभरात. तुझ्या पोटात काय होतं ते कुणी कधी बघितलंच नाही. मी रोज परक्या बायकांच्या रक्तात खूण शोधते आणि तुझं तपासायला माझ्याकडे काही नाही. ह्याचं फार वाईट वाटतं, आई.

आज सकाळी तुझी नात बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दुसरा दिवस. "मम्मा, प्लीज, दोन दिवसांनी जाऊ ना. आत्ता मला उभंसुद्धा राहता येत नाहीये." "म्हणूनच आत्ता," मी म्हटलं, आणि घरातल्या कपड्यांवरच तिला रिक्षात घातलं. डॉक्टरबाईंनी पोटाला नुसता हात लावला तर ती ओरडली, मग तिथेच उलटी झाली. बाईंनी सगळं बघितलं. "हे किती वर्षं अंगावर काढलंय?" त्यांनी विचारलं. कुणी हसलं नाही. लेक कळवळत होती आणि मला हायसं वाटत होतं, असली आई मी.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का हे? तुम्हाला? तुमच्या आईंना?" मला नाही, ते मी सांगितलं. तुझ्याबद्दलचं खरं उत्तर 'माहीत नाही' असं आहे. पोटात दुखायची दहा कारणं असतात, हे मीच सगळ्यांना ऐकवते. पुराव्याशिवाय बोलणाऱ्या पोरांना प्रयोगशाळेत मी सोलून काढते. बाई थांबल्या होत्या. लेकीने माझा हात आवळून धरला होता.

"हो," मी म्हणाले. "आईला होतं."

बाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं. तुझ्याकडे हे पत्र जायची काही सोय नाही. डॉक्टरबाईंचा नंबर मात्र माझ्याकडे आहे, आणि खरं तर फोन करून ते दुरुस्त करायला हवं. संध्याकाळपासून फोन समोर घेऊन बसले आहे. मी करणार नाहीये, आई.