मस्कतचं श्रीखंड

दांडिया बाजार, बडोदे
४ मे २०२५

चि. सलील यास,
अ. उ. आ.

फोनवर तू तीनदा ‘सगळं मस्त’ म्हणालास, आणि तिन्ही वेळा आधी दार लावल्याचा आवाज आला. चाळीस वर्षं आपल्या कारखान्यात लेथ मशीनच्या खडखडाटात काढली तरी माझे कान शाबूत आहेत, भाई! शेवटी सूनबाईंनी सांगितलं, की तुमच्या कंपनीला नव्या ऑर्डरी नाहीत. तेवीस माणसांचा तू साहेब. ती घाबरून पळाली तर हातातलं कामही जाईल आणि तूही घरी येशील. त्यांना खूश ठेव. श्रीखंड-पुरी घाल. पोट भरलं की माणूस पळत नाही.

काकू लोणचं पाठवतेय. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अविनाशकाका


मस्कत
१० मे

ती. अविनाशकाकांस,
शि. सा. न.

श्रीखंड घातलं. कोणी बोट लावलं नाही. आपल्या बडोद्याच्या गोत्री भागातला पीयूष वेल्डर तर पुरी हातात धरून रडला. कंपनी फुकट गोड घालतेय म्हणजे हे निरोपाचंच जेवण, असं सर्वांनी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी बॅगा भरल्या. एकानं बायकोसाठी अत्तरही घेतलं. त्यांना काय सांगू? पुढचं मलाच माहीत नाही. यापुढे सल्ला तिखट पाठवावा.

लोभ आहेच, फक्त जरा रागावलेला.

सलील


बडोदे
११ मे

चि. सलील यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा फोटो मोबाइलवर लगेच मिळाला. चूक माझी. मंदीत तीन माणसं कमी केली, त्या दिवशी मीही कारखान्यात पेढे वाटले होते. उरलेल्यांपैकी दोघे अजून माझ्या हातचा पेढा घेत नाहीत. विसरलोच होतो बघ.

आता दार उघडं ठेव. दर गुरुवारी ठरल्या वेळी त्यांच्यात जाऊन बस. माहीत आहे ते सांग, माहीत नाही तेही सांग. स्वतःची भीती झाकू नकोस. मला ती बडोद्यात ऐकू येते, त्यांना तिथे येत नसेल?

गोड घालू नकोस. लोभ असू दे, कबुली दिली आहे.

काका


मस्कत
६ जून

ती. काकांस,
शि. सा. न.

चार गुरुवार झाले. पहिल्याच दिवशी सांगितलं, की सप्टेंबरपर्यंतचं काम पक्कं, पुढचं ठाऊक नाही, आणि कपात झालीच तर माझंही नाव असेल. मग पीयूषनं उठून मला स्वतःची खुर्ची दिली. बॅगा सुटल्या. अत्तरवाला ते स्वतःच लावून कामावर येतो.

परवा मालकांनी मला एकट्याला जेवायला बोलावलं. परतलो तर तेवीसच्या तेवीस फाटकाशी उभे. काय बोलणं झालं ते कोणी विचारलंच नाही. पीयूषनं एवढंच विचारलं, की गोड काय होतं. म्हटलं, काही नव्हतं. डाळभात आणि पापड. त्यावर अशा शिट्ट्या वाजल्या, की पहारेकरी धावत आला.

काकूंचं लोणचं पोचलं. ते पाहून कोणी बॅग भरली नाही. तेव्हा लोभ असाच, आंबट-तिखट, पाठवत राहावा.

तुमचा सलील